चार विषय, आणि अख्खा धामापूर तलाव

दोन भाषा, आणखी चार विषय, आणि ते चार विषय एकाच गटातले घेऊन चालणारच नाही! अकरावीच्या नव्या अभ्यासक्रमातला हा नियम वाचला आणि मी परत वर जाऊन तो वाचला. मग भावाला फोन लावून मोठ्यानं वाचून दाखवला. रात्री जेवताना घरच्यांना सांगितला, आणि आता तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी भाची धामापूरला असते. यंदा दहावीत गेली. नव्या अभ्यासक्रमाचे जे टप्पे राज्यानं २०२५ साली जाहीर केले, त्यांत अकरावीची पाळी २०२७-२८ मध्ये आहे. म्हणजे आमची मुलगी पहिल्या तुकडीत! दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ साली झाली. त्याआधीची शालान्त अकरावीला असायची. त्या पहिल्या तुकडीतले एक काका आमच्या घरात आहेत आणि आपण पहिले होतो हे ते अजून अभिमानानं सांगतात. आता घरात दुसरी पहिली तुकडी तयार होते आहे.

भावानं मला एवढंच विचारलं होतं, "सायन्स की कॉमर्स? तू बँकेत आसस, तुका म्हायत असतला." आमच्या वेळी प्रश्न एवढाच असायचा, आणि त्याचं उत्तरही जवळच्या कॉलेजात काय आहे आणि टक्के किती पडले यावर ठरायचं. मी कॉमर्सला गेले ती अशीच. तेव्हा वाटलं, तासाभरात बघून सांगू. बसले ती रात्री उशिरापर्यंत बसले.

शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ च्या ऑगस्टमध्ये आला. राज्याच्या आराखड्याचा मसुदा पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं (एससीईआरटी) २०२४ च्या मे महिन्यात लोकांपुढे ठेवला. अकरावी-बारावीसाठी राष्ट्रीय आराखडा सगळे विषय चार गटांत मांडतो. पहिल्या गटात भाषा. त्यांतल्या दोन घ्यायच्या आणि त्यांतली किमान एक भारतीय. दुसऱ्यात कला, शारीरिक शिक्षण आणि व्यावसायिक शिक्षण. तिसऱ्यात इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र यांसारखी समाजशास्त्रं आणि अनेक शास्त्रांना जोडणारे विषय. चौथ्यात विज्ञान, गणित आणि संगणकीय विचार. भाषा सोडून उरलेले चार विषय दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गटांपैकी किमान दोन गटांतून निवडायचे. हवा तर पाचवाही घ्यायचा.

याचा अर्थ लक्षात आला आणि मी खुर्चीतून उठलेच. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी हे चार घेऊन मोकळं होता येणार नाही. हे चारही हवे असतील तर पाचवा विषय वेगळ्या गटातून घ्यावा लागेल, मग तो इतिहास असो, संगीत असो नाहीतर शेती. इतिहास घेणाऱ्या मुलालाही गणिताचं दार बंद नाही. संगीत हा शनिवारी शेवटच्या तासाला उरकायचा प्रकार राहत नाही, तो रसायनशास्त्राच्या बरोबरीनं एक पूर्ण विषय होतो. व्यावसायिक शिक्षण म्हणजे कमी मार्कांच्या मुलांची सोय, हा शिक्काही त्या गटवारीतच पुसला गेला आहे.

आमच्या गावच्या मुलीसाठी हे का महत्त्वाचं आहे ते सांगते. खरं म्हणजे मला तेवढंच सांगायचं आहे.

धामापूर म्हटलं की सगळ्यांना तलाव आठवतो. १५३० मध्ये विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी तो बांधला. काठावर भगवतीचं देऊळ आहे, भोवती डोंगर आणि रान, खाली पोफळी-नारळाच्या बागा. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगानं या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळांमध्ये घेतलं. आम्ही लहानपणापासून त्या बांधावरून ये-जा करत आलो. तो बांध कोणत्या विषयात मोडतो, हा प्रश्न मात्र मला त्या रात्री पहिल्यांदा पडला.

विजयनगरचा मांडलिक मालवणच्या मुलखात काय करत होता, ते इतिहासात शिकायचं. मातीचा बांध तळाशी रुंद आणि माथ्यावर अरुंद का, ते पदार्थविज्ञानात, कारण पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. आता गंमत बघा. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा डायव्हिंगचं केंद्र आहे. तिथं पाण्यात उतरणाऱ्यानं आधी हाच नियम शिकायचा असतो, की समुद्रात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. ज्या नियमानं पाचशे वर्षांपूर्वी बांधाची रुंदी ठरली, तोच आज पाणबुड्याचा जीव सांभाळतो! पुस्तकात हे दोन ओळींचं सूत्र असतं. धामापूर ते तारकर्ली या टापूत त्यातून एकीकडे गावाचं पाणी टिकतं आणि दुसरीकडे घरं चालतात.

आता पावसाचं. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तरी मे महिन्यात कितीतरी वाड्यांतल्या विहिरी तळ गाठतात. का? भूगोल सांगतो की सह्याद्रीपासून समुद्र जवळ, उतार तीव्र, पाणी धावत सुटतं. भूगर्भशास्त्र सांगतं की जांभा सच्छिद्र, पाणी मुरतं आणि खालून झऱ्यांनी निघूनही जातं. जांभा तांबडा का, ते रसायनशास्त्र सांगतं. लाखो वर्षं पावसानं खडकातली विरघळणारी द्रव्यं धुऊन नेली आणि लोह नि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागं उरली. विहिरीत पाणी कधीपर्यंत पुरेल याचा अंदाज गणितानं काढायचा. टँकर कोणाच्या वाडीत आधी यायचा, ते राज्यशास्त्रात. एका विहिरीच्या प्रश्नाला पाच विषय लागतात, आणि आजवर आपण ते पाच विषय तीन वेगळ्या वर्गांत, तीन वेगळ्या मुलांना वाटून देत आलो.

मालवण तालुक्यातच कुडोपीचा सडा आहे. तिथं जांभ्यावर कोरलेली कातळशिल्पं आहेत. कोकणातल्या अशा नऊ ठिकाणांची नोंद २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत झाली, त्यांत कुडोपी आहे. त्या चित्रांपुढे उभं राहणाऱ्या मुलाला इतिहास हवा, दगड कळायला हवा आणि रेघेतली ताकद ओळखायला चित्रकलाही हवी. त्याला तिसऱ्या, चौथ्या आणि दुसऱ्या गटातून एकेक विषय उचलता येणार असेल, तर तो असा अभ्यासक होईल जसा आजच्या शाखेच्या कप्प्यांतून क्वचितच घडतो.

मला आणखी एक शोध लागला, आणि तो तर आजच्या, चालू अभ्यासक्रमातला! आपल्या बोर्डाच्या बारावीच्या विषयांच्या यादीत भूगर्भशास्त्र आहे. मानसशास्त्र, तर्कशास्त्र, संरक्षणशास्त्र, सहकार आहे. बायफोकलच्या, म्हणजे द्विलक्षी व्यावसायिक विषयांत बागायती आहे, गोड्या पाण्यातली मत्स्यशेती आहे, मत्स्यप्रक्रिया आहे. मालवण तालुक्यात वाढून मला हे ठाऊक नव्हतं, कारण घरात कोणी हे नाव कधी काढलंच नव्हतं. यादीत असणं आणि जवळच्या ज्युनिअर कॉलेजात असणं यांत मोठं अंतर आहे, आणि नव्या अभ्यासक्रमाचं खरं यश त्या अंतरावरच मोजलं जाईल असं माझं ठाम मत आहे.

नव्या आराखड्यातली व्यावसायिक शिक्षणाची मांडणी तर मी दोनदा वाचली, इतकी ती आमच्या गावाला लागू पडते. कामाचे तीन प्रकार त्यात सांगितलेत. सजीवांबरोबरचं काम, यंत्रं आणि वस्तूंबरोबरचं काम, माणसांच्या सेवेचं काम. धामापुरातून कुठल्याही दिशेला निघा. काजूची कलमं बांधणारी माणसं भेटतील, आणि त्या कलमांच्या वेंगुर्ला नावाच्या जाती वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झाल्या आहेत. होडीचं इंजिन उघडून बसलेला मेस्त्री भेटेल. चौके-मालवणच्या बाजूला घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्या बायका भेटतील, ज्या पाहुण्याचा हिशेब, स्वयंपाक आणि आल्यागेल्याची सुरक्षितता एका वेळी सांभाळतात. या तिन्ही कामांना वर्ग, शिक्षक, परीक्षा आणि गुण मिळणार! पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या मुलांनी हातानं काम करत विज्ञान शिकून दाखवलं आणि तो अभ्यासक्रम पुढं राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांत गेला. धामापुरातही स्यमंतक ही संस्था जगण्यातून शिकण्याचा असाच प्रयोग कित्येक वर्षं करते आहे. म्हणजे ही कल्पना दिल्लीहून उतरलेली नाही. ती आपल्याकडे रुजलेली होतीच, फक्त गुणपत्रिकेवर येत नव्हती.

धामापूरला जाऊन वहिनीला हे सगळं सांगितल्यावर तिनं अगदी योग्य प्रश्न विचारला. "ता सगळा खरा, पन पुढे खयचा दार बंद होता काय ता आदी बघ." मग आम्ही दोघी बसलो, आणि प्रत्येक पालकानं हेच करावं असं मी कळकळीनं सांगेन. आधी दारं बघायची, मग विषय. इंजिनिअरिंगसाठी फिजिक्स आणि मॅथ्स धरून ठेवायचेच. डॉक्टर व्हायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. पण इथंही एक खिडकी उघडली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं की बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही नीट देता येईल. रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जायचं तर जीवशास्त्र हवं. कुडाळ तालुक्यात मुळद्याला उद्यानविद्या महाविद्यालय आहे, तिथंही विज्ञानाची बाजू पक्की हवी. हे विषय पक्के केल्यावर जी जागा उरते, ती मुलांची. त्या जागेवर मार्कांसाठी सोपा म्हणतात तो विषय बसवू नका. मुलगी ज्या विषयावर जेवताना आपणहून बोलते तो बसवा.

आमची मुलगी जेवताना दोन गोष्टींवर बोलते. एक तलावावरचे पक्षी आणि दुसरा दशावतार. आजीनं तिला लहानपणापासून जत्रांना नेलंय. रात्रभर जागून, मांडीवर अर्धं झोपून तिनं दशावतार बघितलाय. लिहिलेली संहिता हातात नसताना नट उभ्या उभ्या संवाद कसे रचतात, पायपेटीवाला त्यांच्या तोंडाकडे बघून सूर कसा बदलतो, याचं तिला भारी कुतूहल. ती स्वतः पेटी वाजवते. मी तिला गटांचा कागद दाखवला तर तिनं दुसऱ्या गटावर बोट ठेवून विचारलं, "आते, म्हंजे माका पेटी अकरावीतय घेवक गावतली? जीवशास्त्र सोडूचा नाय पडाचा?"

"नाय सोडूचा," मी म्हटलं, आणि मला एवढा आनंद झाला की काय सांगू. आजी पडवीतून म्हणाली, "गो, मग आमच्या वेळार ह्या कोनी कित्याक केल्यान नाय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नेरूरपारचा पूल ओलांडून कुडाळला घरी परत येईपर्यंत मी मनात कामं लावत होते. जिल्ह्यातल्या ज्युनिअर कॉलेजांना आत्ताच विचारायला हवं की २०२७ च्या जूनला कोणते विषय तुमच्याकडे असतील. सगळे विषय एका कॉलेजला परवडणार नाहीत हे उघड आहे. मग मालवणनं मत्स्यप्रक्रिया घ्यावी, कुडाळनं बागायती, कणकवलीनं भूगर्भशास्त्र. कासार्ड्याची सिलिका वाळू आणि रेडीचं लोहखनिज याच जिल्ह्यात असताना भूगर्भशास्त्राला प्रयोगशाळा कसली शोधायची! मुलं आठवड्यातून एखाद दिवस एसटीनं दुसरीकडे जाऊन तो तास करतील. संगीताचे गुरू तर गावोगाव आहेत, त्यांना शाळेत बोलवायचा रस्ता तेवढा काढायचा. पालकसभेत हे विचारायला भाऊ तयार झालाय. ज्याला फक्त सायन्स की कॉमर्स एवढंच हवं होतं, तो आता गटवारीचा कागद खिशात घेऊन फिरतो आणि चौक्याच्या स्टँडवर भेटेल त्या दहावीच्या पालकाला थांबवून समजावतो.

भाचीची यादी सध्या अशी आहे. मराठी, इंग्रजी, जीवशास्त्र, रसायनशास्त्र, संगीत. नीटचा विचार पुढं झालाच तर फिजिक्स पाचवा विषय म्हणून येईल, तेवढी जागा राखून ठेवलीय. चौथ्या विषयासाठी तिची भूगोल आणि इतिहास यांत ओढाताण चाललीय. भूगोल घेतला तर विहिरी, इतिहास घेतला तर नागेश देसाई. काल रात्री तिचा मेसेज आला की पर्यावरण आणि शाश्वततेचाही विषय तिसऱ्या गटात दिसतोय, त्यात दोन्ही बसेल का ते बघून सांग. मी आज संध्याकाळी तेच बघायला बसणार आहे.