मडगाव ते जुने गोवे : मामांच्या मर्सिडीजमधून

मडगावच्या रेल्वे स्थानकाबाहेर मामांची काळी मोटार आमची वाट पाहत उभी होती आणि दोन अनोळखी तरुण तिच्याभोवती कौतुकाने फिरत होते. मोटार मर्सिडीज-बेंझ कंपनीची, ‘180 डी’ या नावाची. मामांच्या वडिलांनी ती 1958 साली घेतली. आम्ही उभयता खानापूर तालुक्यातले. लोंढ्यावरून रेल्वेने घाट उतरून आलो होतो. गोवा हे आमचे आजोळ, त्यामुळे ही वाट नेहमीचीच. परंतु या खेपेस मामांचा निरोप निराळा होता : “मुंबईचे एक गृहस्थ गाडी मागताहेत. किंमत चांगली देतात. हो म्हणण्यापूर्वी एकदा तिच्यातून जुन्या गोव्यास जाऊन येऊ.”

आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल, एके काळी अशा मोटारी गोव्यात टॅक्सी म्हणून धावत. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या वर्षांत खनिजाच्या व्यापाराने गोव्यात पैसा खेळू लागला आणि परदेशी मोटारी बंदरात उतरू लागल्या. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाल्यावर भारताचे आयातीचे कडक निर्बंध तेथेही लागू झाले. नव्या गाड्या येणे दुर्मीळ झाले. होत्या त्याच पुढे कित्येक वर्षे राबल्या. अन्यत्र जी मोटार श्रीमंतांच्या दारात उभी राहायची, तिच्यात येथे बाजारहाट करून परतणारी गावची माणसे भाडे वाटून घेऊन बसत. मामांनीही तिच्यावर संसार चालविला, मुलांची शिक्षणे केली. आता पुष्कळ वर्षे ती केवळ घरची गाडी आहे.

ही मोटार चालू करणे म्हणजे धीराची परीक्षा. यंत्र डिझेलचे, आधी त्याचे अंतरंग तापवावे लागते. मामा एक खुंटी अर्धी ओढतात. समोर जाळीमागे एक बारीक तार हळूहळू लाल होते. ती निखाऱ्यासारखी झाली की खुंटी पुरती ओढायची. मग खडखडाट होतो, थोडा धूर निघतो आणि यंत्राचा एकसुरी ताल सुरू होतो. “घाई करणाऱ्याशी ती बोलत नाही,” मामा म्हणाले.

वेर्णा मागे टाकून आम्ही कुठ्ठाळीकडे निघालो. वेग बेताचा, कारण यंत्र जेमतेम चाळीसेक अश्वशक्तीचे. चढावर ते चक्क धापा टाकते. परंतु आसने आमच्या दिवाणखान्यातल्या कोचाहून ऐसपैस! चारही चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा असल्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले तरी त्याचा धक्का बैठकीपर्यंत फारसा पोहोचत नाही. आमच्या सौभाग्यवतींना मोटार लागते. परंतु त्या दिवशी त्या खिडकीची काच उतरवून वारा खात निवांत गप्पा मारीत होत्या.

जुवारीच्या पुलावर मामा जुन्या दिवसांत रमले. 1983 साली येथे पहिला पूल झाला. त्याआधी मोटारीसुद्धा फेरीबोटीतूनच नदी ओलांडीत. एका पावसाळ्यात मध्यरात्री शेजारची बाळंतीण घेऊन ते कुठ्ठाळीच्या धक्क्यावर आले. बोट पलीकडच्या तीरावर होती. तासभर थांबावे लागले. पलीकडे उतरल्यावर यंत्र एका दमात चालू झाले आणि ती माउली वेळेत पणजीच्या इस्पितळात पोहोचली. “त्या रात्री ती दगा देती, तर मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नसता,” मामा सावकाश म्हणाले.

मात्र हा भरवसा फुकट मिळालेला नव्हे. सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा मडगावच्या एका मेस्त्रीने कित्येक भाग स्वतः कातून दिले. खारा वारा पत्रा खातो, म्हणून दर पावसाळ्यापूर्वी मामा गाडीखाली आडवे होऊन गंज खरवडतात, रंग देतात. मामी हसून म्हणाल्या, “लोक हिला श्रीमंतांची गाडी म्हणतात. हिच्यापायी दोन वर्षे घराची कौले शाकारायची राहिली, हे कोणाला ठाऊक!”

पिलारहून आतल्या रस्त्याने, करमळीचे तळे पाहत आम्ही जुन्या गोव्यास पोहोचलो. बाँ जेझूच्या महामंदिरात संत फ्रान्सिस झेवियर यांच्यापुढे मामा बराच वेळ गुडघे टेकून होते. बाहेर आले तेव्हा सूर्य कलला होता. डॉक्टरांनी त्यांना तिन्हीसांजेनंतर मोटार चालविण्यास मनाई केली आहे. त्यांनी किल्ली मुकाट्याने आमच्या मामेबहिणीच्या हाती दिली आणि मागे आमच्या शेजारी येऊन बसले.

तिने खुंटी अर्धी ओढली आणि तार लाल होईपर्यंत वाट पाहिली. मामांचे डोळे त्या तारेवर खिळले होते. मोटार सुरळीत निघाली. दोन मैल गेल्यावर त्यांनी पाठ टेकली आणि नवल वाटून म्हणाले, “अरे, मागे एवढे सुख आहे होय! पन्नास वर्षे चालवली, पण इथे बसलो नव्हतो कधी.”

आमच्या मनात आले, घराघरांतून असेच नाही का चालत? ज्याच्या हाताने सर्वांना सुख लाभते, त्याला मागच्या आसनावर बसण्याची उसंत क्वचितच मिळते. वाचकहो, आपल्या घरीही असे कोणी असेल, तर एखाद्या संध्याकाळी त्यांच्या हातची किल्ली आपण घ्यावी.

घरी पोहोचल्यावर आम्ही भीत भीतच मुंबईच्या गृहस्थांचा विषय काढला. मामांनी मुलीकडे बोट दाखविले. “आता ती चालवते. तिलाच विचारा.”

मामेबहीण काही बोलली नाही. ती कंदील घेऊन गाडीखाली वाकली होती. कुठेसे तेल ठिबकताना तिला दिसले होते.