पोटाची बोली

सिंगापुरात, बिशानला आमच्या इमारतीत लिफ्टपाशी एक चिनी आजी भेटतात. पालेभाजीची चाकांची पिशवी भिंतीला टेकवतात आणि होक्किएन भाषेत विचारतात, "ज्याक पा बुए?" पोटभर जेवलीस का? इथल्या जुन्या माणसांचा हा नमस्कार. मग थोड्या वेळाने, घड्याळात आमच्या अडीच तास मागे असलेल्या पुण्यात उजाडलं की आईचा फोन येतो, आणि तिचाही पहिला प्रश्न तोच: "खाल्लंस का गं काही?"

दोन वर्षं मी दोघींना 'हो' म्हणत होते. पण आजींच्या प्रश्नातला 'पा' म्हणजे भरलेलं पोट, आणि पोटाबद्दल मला काहीच सांगता आलं नसतं. मला फक्त आकडा माहीत असायचा.

दिवसाला बाराशे कॅलरी. रक्तातली साखर काठावर आल्याचा रिपोर्ट हातात पडला त्या रात्री मी तो आकडा फोनमध्ये भरला. भीती खोटी नव्हती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपली शरीरं बारीक दिसूनही आत काय साठवतात, ते त्या फोटोने जगाला दाखवलं. सिंगापूरनेही २०१६ साली मधुमेहाविरुद्ध युद्ध पुकारलं आणि ३० डिसेंबर २०२२ पासून पेयांवर 'ए' ते 'डी' अशी साखरेची श्रेणी आली. मला ती अक्षरं उपयोगी वाटतात. खाली कॉफीशॉपमध्ये मी अजूनही 'कोसोंग' चहा मागते, बिनसाखरेचा. कोसोंग हा मलय शब्द. अर्थ रिकामं, शून्य.

पण शून्याची ओढ चहापुरती राहिली नाही. ओट्यावर वजनकाटा आला. भात तोलायचा, तेल चमच्याने मोजायचं, फोडणीतले शेंगदाणेसुद्धा. चतकोर भाकरी, मूठभर पोहे, भातावर तुपाची धार ही मापं फोनला कळेनात, म्हणून मी ती बोलण्यातूनच काढून टाकली. रात्री अकराला अंथरुणात पडून पाककृतींचे व्हिडिओ बघायचे. पुरणपोळी लाटणारे अनोळखी हात तास तासभर. हे का होतं ते पुढे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना दुसरं काही सुचेना. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. त्या प्रयोगात दिवसाला सरासरी सुमारे १,५७० कॅलरी मिळत. मी बाराशेवर होते. पुरुषाची आणि बाईची गरज सारखी नसते, हे कबूल. तरी ते रात्रीचे व्हिडिओ मला तेव्हा पहिल्यांदा उमगले.

मग आई दोन महिने राहायला आली. दुपारी चार वाजता कणीक मळता मळता तिने सहज विचारलं, "भूक कशी आहे? कडकडून लागलीय की नुसती चाळवलीय?"

मला सांगता येईना.

आपल्या भाषेत भुकेला किती नावं आहेत! भूक चाळवते, खवळते, मोडते, मरते. पोटात खड्डा पडतो, कावळे ओरडतात. वखवख वेगळी, खा-खा वेगळी, आणि नुसतंच तोंड चालवावंसं वाटणं त्याहून वेगळं. जेवल्यावर पोट निवतं, गच्च होतं, तडस लागते. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी आपल्या पोटाकडे इतकं लक्ष दिलं, म्हणून हे शब्द घडले. ही बोली मी लहानपणी शिकले होते आणि एका आकड्यासाठी विसरले होते.

ती बोली पुन्हा शिकायला एक पुस्तक कामी आलं. एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश या दोन आहारतज्ज्ञांनी १९९५ साली 'इंट्युइटिव्ह ईटिंग' लिहिलं. पथ्याची मानसिकता सोडा, भुकेचा मान ठेवा, पोट भरल्याची जाणीव ओळखा, अशी त्यांची दहा तत्त्वं. मी त्याला पोटाचं ऐकणं म्हणते. ते सोपं गेलं नाही. पहिल्या आठवड्यात तीन दिवस साबुदाण्याची खिचडी केली आणि तिन्ही दिवस तडस लागेपर्यंत खाल्ली. चौथ्या दिवशी अर्ध्यावर पोट निवलं, स्पष्ट कळलं, आणि हात थांबेना. कारण पानात टाकायचं नाही. चिऊचा घास, काऊचा घास, आता हा शेवटचा मामाचा: पोट भरल्यावरचे घास आपण किती प्रेमाने भरवतो! आईच्या आग्रहालाही 'नको' म्हणायला शिकावं लागलं. आता आधीच थोडं वाढून घेते, लागलं तर पुन्हा घेते. तिला पहिल्यांदा वाईट वाटलं. मलाही.

संध्याकाळी बिशान–आंग मो किओ पार्कात जाते. इथून कलांग नदी पूर्वी काँक्रीटच्या सरळ कालव्यातून वाहायची, २.७ किलोमीटर, पावसाचं पाणी लवकरात लवकर पुढे ढकलायचं, एवढंच त्याचं काम. २०१२ पर्यंत तो फोडून तिला वळणं दिली, ती तीन किलोमीटर झाली. फोडलेल्या काँक्रीटची टेकडीही तिथेच आहे. मोठा पाऊस आला की इशाऱ्याचा भोंगा वाजतो, माणसं काठावरून वर येतात, नदी गवतावर पसरते, आणि पाऊस थांबला की पुन्हा आपल्या पात्रात जाते. साडेसहाला भूक चढायला लागली की हल्ली मी तिथेच बाकावर बसते आणि ती कुठल्या नावाची आहे ते बघते.

साखर दर तीन महिन्यांनी तपासते. ते मोजणं सोडलेलं नाही. वजनकाटा वरच्या फळीवर गेला.

काल वरणभात, लिंबाची फोड आणि दोडक्याची भाजी झाली, तूप अंदाजाने. खाली कचरा टाकायला गेले तर लिफ्टपाशी आजी. "ज्याक पा बुए?"

मी क्षणभर थांबले, पोटावर हात ठेवला. "पा ल्याव," म्हटलं. भरलं.