पौषातलं भरीत, दिवाळीचे अंक

जळगावच्या माणसाला थंडीचं कौतुक जरा जास्तच असतं. जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, त्या गावात पहाटे तो १०च्या खाली उतरला की चहाच्या टपरीवर दुसरा विषय निघत नाही. ‘रात्री काय गारठा होता!’ हे अशा ऐटीत सांगतात, जणू गारठा यांनीच सातपुड्यावरून उतरवून आणला.

शनिवारी सकाळी मी गच्चीवर सतरंजी टाकतो आणि दिवाळी अंकांचा गठ्ठा सोडतो. काशिनाथ रघुनाथ आजगावकरांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाबरोबर अंक घेण्याची चाल मराठी घरांत रुजत गेली. पण माझ्या मते दिवाळी अंक दिवाळीत वाचायचा नसतोच. तेव्हा घरात पाहुणे असतात. अंक चाळला जातो, व्यंगचित्रं बघून होतात, कुणीतरी राशिभविष्य मोठ्याने वाचतं. दीर्घकथा आणि ऐसपैस लेख राहतात ते पौषासाठी. तोवर अंकांची चर्चाही निवलेली असते, त्यामुळे कोणती कथा गाजली हे कानाशी सांगायला कुणी येत नाही. उन्हाला पाठ देऊन वाचावं, ऊन सरकलं की सतरंजी सरकवावी. मध्येच डुलकी लागली तर तो लेखकाचा दोष धरू नये.

रविवार मात्र भरिताचा. चातुर्मासात वांगं न खाणाऱ्या घरांतही चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की मोकळीक मिळते, आणि मग थंडीभर शेताशेतांतून धूर निघत राहतो. वांगं इथलंच हवं: फिकट हिरवं, अंगावर पांढुरक्या रेघा, चांगलं थोराड. यावल तालुक्यातल्या बामणोदचं नाव त्यासाठी आवर्जून घेतात. २०१६ मध्ये जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण बाजारातल्या बायका ते विचारत नाहीत. त्या वांगं तळहातावर तोलतात. आकाराला मोठं नि वजनाला हलकं, म्हणजे बी कमी.

कापूस वेचून झाला की उपटलेल्या काड्यांचा ढीग बांधावर असतोच. त्यांचा जाळ भडकन उठतो. साल करपते आणि आतला गर लोण्यासारखा होतो. गॅसवर जाळी ठेवून जे होतं तेही भरीतच, पण त्याला खानदेशी म्हणू नये. सोललेला गर लाकडी भांड्यात मुसळाने ठेचायचा. मिक्सरचं नाव काढलंत तर आमच्या काकू तुम्हाला भाकऱ्या थापायला बसवतील. हिरव्या मिरच्या-लसणाचा ठेचा, तेलात परतलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मूठमूठ कांद्याची पात, कोथिंबीर. टोमॅटो नाही. तेलाकडे बघायचं नाही. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली.

याच थंडीने रावेर-यावलचे केळीवाले हैराण असतात. पारा फार उतरला की पानं पिवळी पडतात, घड नीट भरत नाहीत. मग रात्री बागेच्या कडेने काडीकचरा पेटवून धूर करायचा, विहिरीचं पाणी सोडायचं. पंगतीत त्यांच्यातलं कुणीतरी म्हणतंच, ‘आता पुरे झाली बुवा थंडी.’ आम्ही गावातले त्यावर मान हलवतो. पुढच्या रविवारीही गारठा असावा, हे मनातलं मनातच ठेवतो.

फेब्रुवारी सरता सरता ऊन टोचायला लागतं, दुपारी गच्चीवर पाय ठरत नाही. तेव्हा यायचंच तर संक्रांतीच्या आगेमागे या. येताना एखादा न वाचलेला अंक पिशवीत टाका. आणि परतीची गाडी रविवार संध्याकाळची काढू नका, सोमवारची काढा. भरीत-भाकरीनंतर स्टेशन गाठणं जमत नाही.