बन्नेरघट्ट्याच्या वाटेवरील हक्किपिक्की

बंगळूरचे नाव निघाले की मराठी वाचकांना प्रथम आठवते ती शहाजीराजांची जहागीर. आणि मग लालबागेतील काचघर, विधानसौधाची भव्य इमारत व तेथील सुखद हवा. या नगरीत मुलाबाळांसह आलेले कुटुंब एक दिवस राखून बन्नेरघट्ट्यास वाघसिंह पाहावयास जातेच. वाचकहो, आपणही कधी गेलात तर त्या रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसांची ओळख करून घेतल्यावाचून परतू नका.

शहराच्या मध्यापासून हा रस्ता सुमारे २२ किलोमीटरांचा. डेअरी सर्कल मागे पडते, जयदेव हृदयरोग संस्था येते आणि थोड्याच वेळात बिळेकहळ्ळीस भारतीय व्यवस्थापन संस्थेचे आवार लागते. १९७३ साली स्थापन झालेल्या या संस्थेची दगडी वास्तू बाळकृष्ण दोशी यांच्या कल्पनेतून उतरली. देशातील मोठमोठ्या उद्योगांचे चालक जेथे घडतात, त्या या विद्यालयात अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी शेकडा साडेसात जागा कायद्याने राखलेल्या आहेत. हे ध्यानात ठेवून आपण पुढे निघू. हुळिमावु व गोट्टिगेरे ही एके काळची खेडी आता शहराच्या पोटात गेली आहेत. ती ओलांडली की चंपकधामस्वामींच्या देवळाची टेकडी दिसू लागते आणि रान सुरू होते. या परिसरातच हक्किपिक्की जमातीची वसाहत आहे.

‘हक्की’ म्हणजे कन्नड भाषेत पक्षी. पक्षी धरणारे ते हक्किपिक्की. जाळी व फासे घेऊन रानोमाळ हिंडावे, तित्तिर-लावे पकडावेत, ते गावोगाव विकावेत आणि पुढच्या मुक्कामाला लागावे, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. आपल्याकडील पारध्यांची आठवण व्हावी असेच हे जीवन. घरात ते वाग्री बोलतात. ही बोली कन्नडच्या कुळातील नसून गुजरातीच्या गोतातील आहे. आपले पूर्वज राणा प्रतापाच्या वंशातील होते, असे जमातीतील वृद्ध सांगतात.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७४ साली बन्नेरघट्ट्याचे रान राष्ट्रीय उद्यान ठरले. पाखरांना अभय मिळाले हे योग्यच झाले. परंतु पाखरांवर जगणाऱ्यांचा धंदा त्याबरोबर संपला. पुढे या लोकांनी कृत्रिम फुले, मसाल्याचे पदार्थ, जडीबुटी आणि केसांचे तेल विकावयास घेतले. हे तेल घेऊन ते पार आफ्रिकेपर्यंत जातात. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटले तेव्हा तेथे अडकलेल्या भारतीयांत कर्नाटकातील अनेक हक्किपिक्की होते, आणि ‘ऑपरेशन कावेरी’द्वारे भारत सरकारने त्यांना सुखरूप परत आणले. वाग्री, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि हिंदी अशा भाषांतून सौदा करणाऱ्या या माणसांपैकी कित्येकांनी शाळेचे तोंडही पाहिलेले नाही!

याच जमातीचे एक गाव बंगळूर-म्हैसूर मार्गावर बिडदीजवळ आहे. त्याचे नाव भद्रापूर. तेथे मुलांना ठेवलेली नावे ऐकून आपल्याला प्रथम हसू येईल. कुणी ‘हायकोर्ट’, कुणी ‘सुप्रीम कोर्ट’, कुणी ‘कॉफी’, ‘म्हैसूर पाक’, तर अलीकडे कुणी ‘गूगल’! बाहेरच्या जगात जे मोठे किंवा गोड म्हणून कानी आले ते बापाने लेकराच्या नावी लिहिले. हसू ओसरल्यावर मात्र असे वाटते की, ज्या न्यायालयाचे नाव मुलाने धारण केले, त्याची पायरी तो वकील म्हणून चढेल काय?

तशी वाट सरकारने आखून ठेवलेली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील अनुसूचित जमातींची जी यादी प्रसिद्ध झाली, तीत हक्किपिक्कींचे नाव होते. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती आदिवासी विद्यार्थ्यांना १९४८-४९ पासून मिळू लागली. राहणे, जेवणे, कपडे व पुस्तके पुरविणाऱ्या आश्रमशाळा निघाल्या. २०२२ साली कर्नाटकाने जमातींचे आरक्षण शेकडा तीनवरून सातवर नेले.

परंतु यादी एक असली तरी तीतील सारी भावंडे सारख्या अंगाची नाहीत. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकातील अनुसूचित जमातींची संख्या सुमारे साडेबेचाळीस लाख भरली. त्यांत निम्म्याहून अधिक एकटा नायक समाज. हक्किपिक्की बारा हजारांच्याही आत! जेनुकुरुब व कोरग या दोन जमाती विशेष दुर्बल म्हणून वेगळ्या नोंदल्या गेल्या व त्यांना निराळ्या योजना मिळाल्या. हक्किपिक्की त्यांत नाहीत. एका पंगतीत बसलेल्या धाकट्या भावापर्यंत वाढप पोहोचेलच असे नाही. त्यातून सतत फिरतीवर असलेल्या कुटुंबाने रहिवासाचा दाखला आणावा कोठून, आणि दाखल्यावाचून शिष्यवृत्ती मिळावी कशी?

शाळेची अडचण याहून नाजूक आहे. आईबाप माल घेऊन बाहेरगावी निघाले की मूलही त्यांच्यामागे जाते. आणि जे मूल वर्गात बसते, त्याच्या कानी पहिल्या दिवसापासून परकी भाषा पडते. १९५६ साली घटनेत घातलेले ३५०-क हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे सांगते; पण लिपी नसलेल्या वाग्रीचे क्रमिक पुस्तक कोठून येणार?

येथे आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. ठाणे जिल्ह्यातील कोसबाड हे गाव आज पालघर जिल्ह्यात मोडते. तेथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाहिले की वारल्यांची मुले गुरे राखावयास जातात, म्हणून शाळेत येत नाहीत. त्यांनी मुलांना बोल न लावता शाळाच कुरणात नेली आणि तिला नाव दिले ‘कुरणशाळा’.

हक्किपिक्कींच्या मुलांसाठी अशी शाळा म्हणजे त्यांच्याच जमातीतील शिकलेला तरुण वा तरुणी. पहिल्या दोन इयत्तांत वाग्रीतून गोष्ट सांगणारे व हळूहळू कन्नडच्या उंबऱ्याशी नेऊन सोडणारे माणूस वर्गात असले, तर पुस्तकावाचून अडणार नाही. अशी एक नेमणूक केली की मुलाला शिक्षण मिळते आणि तरुणाला नोकरी. शिवाय शिकून काय होते, याचे उत्तर वस्तीला रोज डोळ्यांपुढे दिसते. दाखल्याचे कागद आईबापांना समजावून सांगणाराही तोच.

व्यवस्थापन संस्थेपासून हक्किपिक्कींच्या वस्तीपर्यंतचे अंतर मोटारीने थोड्या वेळात संपते. पहिलीतल्या मुलाला मात्र ते उलट दिशेने चालून जाण्यास वीस वर्षे लागणार आहेत. त्या राखीव जागा वरच्या टोकाला त्याची वाट पाहत आहेतच. खालच्या टोकाला त्याचा हात धरणारे त्याच्या बोलीचे माणूस उभे करणे, एवढे आता करावयाचे आहे.