पिल्लं दिसेनात तेव्हा

मोतीबिंदू काढला, तरी चाळणीवरचं बारीक काम आता शिष्येकडेच गेलं. दीड-दोन मिलिमीटरची गोगलगाय तिला गाळात चटकन दिसते, मला नाही. आणि गाळातल्या शंखांवरून जुनं हवामान ओळखायच्या आमच्या धंद्यात निकाल लागतो तो या पिल्लांवरच.

आमच्या सुप्याहून पुण्याकडे निघालं की शिरूर लागतं. तिथून घोडनदीकाठचं इनामगाव फार लांब नाही. १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजनं तिथली ताम्रपाषाणयुगीन वस्ती खणली. इ.स.पू. १०००च्या सुमारास चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, त्यामागे पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांना कोरडं होत गेलेलं हवामान दिसलं. असेलही. पण घराच्या आकारापेक्षा मला पाण्यातल्या जिवाची साक्ष पटते. मेलानॉइडिस ही गोगलगाय कल्ल्यांनी श्वास घेते, तिला टिकणारं पाणी हवं. लिम्निया ही दुसरी फुप्फुसावर जगते, आटत्या डबक्यातही तगते. ‘टिकणारं पाणी’ म्हणजे काय, हे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या तालुक्याला सांगावं लागत नाही.

घोडं अडतं ते पुरापाशी. मेलानॉइडिसचा जाड, निमुळता शंख लांबवर घरंगळूनही शाबूत राहतो. लिम्नियाचा पातळ शंख वाटेतच चुरा होतो. म्हणजे मतमोजणी पुरानंच उरकलेली, आणि ती कायम ओल्या बाजूनं. म्हणून मी शंखाच्या तोंडाची कड झिजली आहे का ते बघतो, आणि पिल्लं शोधतो. पूर आकारमानानं निवड करतो. एकाच थरात पिल्लापासून म्हातारीपर्यंत सगळ्या वयाच्या सापडल्या, तर त्या बहुधा तिथल्याच.

हल्लीची मंडळी एक शंख दळतात, यंत्रात घालून त्यातला ऑक्सिजन मोजतात आणि पाऊसमान सांगून मोकळी होतात. पाणी आटताना हलका ऑक्सिजन आधी उडतो आणि जड मागे उरतो, हे मलाही मान्य आहे. पण पावसाचाच ऑक्सिजन वेगळा असेल तर? शंख वरच्या ओढ्यातला असेल तर? कार्बनचं वयही तसंच: पाण्यातला जुना चुना शंखात उतरला, की शंख आहे त्याहून म्हातारा दिसतो.

मीही काही साधू नव्हे. अहवालातल्या छायाचित्रांसाठी अखंड, ठसठशीत शंख निवडायचो. पिल्लं डबीत पडून. पाहुणे वाहवा करायचे ती त्या देखण्या शंखांची, आणि ती मला हवी असायची. आता शिष्या पिल्लं मोजून थेट वहीत मांडते, मला दाखवायलाही थांबत नाही. काम चोख आहे. तरी पुढच्या लेखावर पहिलं नाव माझंच असावं, असं मला वाटतं.