जो–तो आणि हू–विच : माझी एक चूक



मी गंगापूर रोडवरच्या एका शाळेत शिकवते. गेल्या वर्षी सहावीच्या एका मुलीने वहीत लिहिलं होतं, 'व्हिच बॉय केम यस्टरडे, दॅट बॉय इज माय ब्रदर.' मी लाल पेनाने अख्खं वाक्य खोडलं. त्यानंतर ती इंग्रजीच्या तासाला बोलेनाशीच झाली. पालकसभेत तिच्या आईने विचारलं, "मॅडम, आम्ही घरी मराठी बोलणं बंद करू का?"

हा प्रश्न मला फार लागला. घरी येऊन ते वाक्य पुन्हा वाचलं. 'जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ आहे.' अहो, मराठी म्हणून हे बिनचूक आहे! पोरीने विचार बरोबर केला होता, फक्त मांडणी मराठी ठेवली होती.

बघा, आपल्याकडे जो आणि तो जोडीने येतात. 'ज्याच्या हाती ससा तो पारधी' ही म्हण आठवा. मराठीत विशेषणवाक्य बहुधा आधी येतं. इंग्रजीत आधी नाम येतं आणि त्याच्या पाठीला चिकटून विशेषणवाक्य. शिवाय मराठी लिंग बघते : जो, जी, जे. इंग्रजी बघते माणूस की वस्तू : माणसासाठी हू, वस्तूसाठी विच; दॅट दोन्हींना चालतं.

मग मी वर्गात तीन मुलांच्या हातात तीन पट्ट्या दिल्या : 'द बॉय', 'इज माय ब्रदर' आणि 'हू केम यस्टरडे'. पहिले दोघे शेजारी उभे राहिले. तिसऱ्याला म्हटलं, "तू कोणाबद्दल सांगतोस? त्याच्या मागे जाऊन उभा राहा." तो बरोबर मधे घुसला. वाक्य तयार! चौथ्याच्या हातात 'ही' होतं, म्हणजे आपला 'तो'. त्याला मुलांनीच खाली बसवलं, कारण इंग्रजीत इथे 'तो' पुन्हा लागत नाही. 'द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर' ही नेहमीची चूक तिथेच पकडली गेली.

मग आपल्या परिसरातली वाक्यं घेतली. 'जे धरण गोदावरीवर आहे, ते मी पाहिलं' याचं इंग्रजी करताना मुलं आधी 'आय सॉ द डॅम' म्हणाली. "कोणतं धरण?" असं विचारल्यावर त्याच मुलीने हळूच जोडलं, 'विच इज ऑन द गोदावरी.' किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला!

तिच्या आईला मी सांगितलं, "ताई, घरी मराठीच बोला, भरपूर बोला. तिला जो–तो पक्का येतो, म्हणूनच हू–विच समजलं."

तुम्हीही वही तपासताना खोडण्याआधी एकदा ते वाक्य मराठीत वाचून बघा. बऱ्याचदा चुकीच्या मागे मुलाचा बरोबर विचार सापडतो. लाल पेन तोवर टोपणातच राहू द्या.