दोन उत्तरांचे गृहस्थ

दहावीचे पोर घरात असले की पैठणमध्ये यांची गाठ पडतेच. गणित भाग 1, दुसरे प्रकरण, नाव वर्गसमीकरण. पावसाळ्यात येतात ते बोर्डाच्या परीक्षेपर्यंत हलत नाहीत. एखाद्या वर्षी त्याच सुमारास नाथषष्ठीच्या दिंड्या गावात शिरतात; बाहेर टाळ-मृदंग, आत हे.

मानपान भारी. उजव्या बाजूला शून्य मांडल्याशिवाय बोलायला लागत नाहीत. हा नुसता ताठा मात्र नव्हे. दोन अवयवांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांतला एक तरी शून्य असलाच पाहिजे. गुणाकार 12 असेल तर कोण काय आहे, कुणी सांगावे?

मर्जी सांभाळणे अवघड. क्ष वर्ग वजा 7क्ष अधिक 12 म्हणून हाक मारा. बेरीज 7 आणि गुणाकार 12 कुणाचा? तीन आणि चार! गृहस्थ लगेच मोकळे. आता 12 च्या जागी 11 करा. तोंड मिटून बसतील. पोरे वहीचे पान भरवतात, अवयव काही पडत नाहीत.

मग सूत्र. रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा ज्या गावाची, तिथे पोरांमुखी ‘वजा ब, अधिक-वजा वर्गमुळात ब वर्ग वजा 4अक, छेद 2अ’ वदवणे क्लासच्या सरांना जड जात नाही. हे आले कुठून, ते मात्र फारसे कुणी विचारत नाही. श्रीधराचार्यांनी युक्ती सांगितली होती: दोन्ही बाजूंना 4अ ने गुणा, मग ब वर्ग मिळवा, म्हणजे डावीकडे पूर्ण वर्ग तयार. त्यांचा बीजगणिताचा ग्रंथ हरवला. भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणिता’त नियम उद्धृत केला म्हणून तो वाचला.

भास्कराचार्य म्हणजे शेजारचेच. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेले की पाटण लागते. नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा 1207 चा शिलालेख तिथे आहे.

गृहस्थांची खरी खोड दोन उत्तरांची. नावेचा वेग विचारला तर एक धन सांगतील, एक ऋण, आणि दोन्ही तितक्याच गंभीर चेहऱ्याने. निवड आपण करायची. भास्कराचार्यांनी यांना माकडांच्या कळपाबद्दल विचारले होते: पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून वर्ग केला तेवढी गुहेत, एक झाडावर, एकूण किती? उत्तरे आली 50 आणि 5. दोन्ही समीकरणात चपखल बसतात. पण पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन कसे जाणार? उणे दोन माकडे लोक मानत नाहीत म्हणून आचार्यांनी 5 नाकारले. आपल्या पोरांनी ‘वेग ऋण नसतो’ ही ओळ गाळली, तर आठशे-साडेआठशे वर्षांची रीत मोडते!

कधी कधी हे ‘वास्तव मुळे नाहीत’ म्हणून दारच लावून घेतात. तो निरोप विवेचक आणतो, म्हणजे सूत्रात वर्गमुळाखाली बसलेला ब वर्ग वजा 4अक. माझे मत विचाराल तर या घरात भरवशाचा तोच. भेटीला जाल तेव्हा आधी त्यालाच गाठा. सहगुणक पूर्णांक असतील आणि तो पूर्ण वर्ग निघाला, तर बिनधास्त अवयव पाडा. नसेल तर वेळ न दवडता सूत्र लावा.